होयबा मोजायची पट्टी

प्रश्नावली करायला बसलेल्या प्रत्येकाला गाईड एक सूचना हमखास देतात, "काही विधानं उलटी टाका." म्हणजे वीस विधानं असतील तर दहांमध्ये 'सहमत' म्हटल्यावर गुण वाढले पाहिजेत आणि उरलेल्या दहांमध्ये 'असहमत' म्हटल्यावर. आपण मान डोलावतो, दहा वाक्यांत 'नाही' घुसवतो आणि तज्ज्ञांच्या सह्या घ्यायला निघतो. कोर्सवर्कच्या नोट्समध्ये या सूचनेचं कारण जेमतेम एका ओळीत दिलेलं असतं. नेट-सेटच्या पहिल्या पेपरपुरती ती ओळ पुरते. पण त्या ओळीमागे पंचवीसएक वर्षांची गोष्ट आहे. तिच्यात नाझी आहेत, परागंदा झालेले संशोधक आहेत, हरवलेला डेटा आहे, आणि एक अशी मापनश्रेणी आहे जी 'होयबा' माणसं शोधायला बनवली होती आणि नेमकी 'हो' या शब्दावरच अडखळली.

'क्रिटिकल थिअरी' किंवा मराठीत 'चिकित्सक सिद्धांत' हे नाव ऐकलं की आम्हा विज्ञान शाखेतून आलेल्यांचा चेहरा कोरा होतो. अडोर्नो, होर्कहायमर, फ्रॉम ही नावं प्रश्नसंचात 'जोड्या लावा' पुरती भेटतात. हे लोक प्रश्नावल्या छापून, वाटून, गोळा करून, आकडे हातात घेऊनही बसले होते हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज तत्त्वज्ञान कमी आणि त्यांचं फील्डवर्क जास्त.

१९२९ पासून सुरू करू. फ्रँकफर्टमध्ये सामाजिक संशोधनाची एक संस्था १९२३ पासून चालू होती. धान्याच्या व्यापारात पैसा केलेल्या वाइल कुटुंबाने तिला देणगी दिली होती. त्यामुळे विद्यापीठाशी जोडलेली असूनही पैशासाठी तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. (याचं महत्त्व फेलोशिपचा हप्ता सहा महिने अडकला की नीट कळतं.) या संस्थेसाठी एरिक फ्रॉम आणि हिल्डे वाइस यांनी जर्मन कामगार आणि कारकून वर्गाचं एक सर्वेक्षण हाती घेतलं. फ्रॉमची डॉक्टरेट समाजशास्त्रातली, पेशा मनोविश्लेषकाचा.

त्या वेळचं राजकीय चित्र वरवर पाहता आश्वासक होतं. १९२८ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्ष आणि कम्युनिस्ट पक्ष यांना मिळून ४० टक्क्यांच्या आसपास मतं होती. नाझींना २.६ टक्के. म्हणजे आकड्यांकडे बघून कुणीही म्हणालं असतं की संकट आलंच तर कामगार उभे राहतील. फ्रॉमची शंका अशी होती की मत कुणाला दिलं यावरून माणूस वेळेला काय करेल हे कळतं का? पक्षाचं कार्ड खिशात असतं, पण घरी मुलांशी, बायकोशी, साहेबाशी वागताना माणूस कुठल्या पक्षाचा असतो?

प्रश्नावलीत २७१ प्रश्न होते. आज एवढी मोठी प्रश्नावली संशोधन समितीपुढे ठेवली तर सिनॉप्सिस परत येईल. ३,३०० प्रती वाटल्या, त्यांतल्या १९३१ च्या अखेरपर्यंत सुमारे १,१०० भरून परत आल्या. प्रश्न बघा: मुलांना मार दिल्याशिवाय वाढवता येतं का? लग्न झालेल्या बाईने नोकरी करावी का? बायकांनी पावडर-लिपस्टिक लावलेली तुम्हाला आवडते का? घर कशाने सजवलं आहे? इतिहासातली सर्वांत थोर माणसं कोणती? जग सुधारायचं तर काय करायला हवं? अशा बऱ्याच प्रश्नांना पर्याय दिलेले नव्हते. माणसाने जे लिहिलं ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं आणि मग मनोविश्लेषक पेशंटचं बोलणं ऐकतो तसं त्या शब्दांमागे काय आहे ते बघायचं, अशी पद्धत होती.

यातली खुबी थोर माणसांच्या प्रश्नात दिसते. फ्रॉमने पुढे स्वतःच दिलेलं उदाहरण असं आहे. समजा एकाने लिहिलं, अलेक्झांडर, सीझर, नेपोलियन, मार्क्स, लेनिन. दुसऱ्याने लिहिलं, सॉक्रेटिस, पाश्चर, कांट, मार्क्स, लेनिन. मार्क्स-लेनिन दोघांच्याही यादीत आहेत, म्हणजे दोघेही कम्युनिस्ट विचारांचे म्हणून एकाच खान्यात जातील. पण पहिल्याला मार्क्स दिसतो तो सेनापतींच्या रांगेत, दुसऱ्याला दिसतो तो माणसाचं भलं करणाऱ्यांच्या रांगेत. पहिल्याला बहुधा ताकद भावते, ती कुणाच्या हातात आहे हा त्याच्यासाठी पुढचा प्रश्न. बरोबर-चूकची खूण करायला लावली असती तर हा फरक कधीच हाती लागला नसता.

अर्थात प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला इथे लगेच ठेच लागते. 'बहुधा' कुणी ठरवलं? उत्तर वाचणारा तोच, अर्थ लावणारा तोच आणि खाना ठरवणाराही तोच. दुसऱ्या संशोधकाने तेच ११०० फॉर्म वाचले असते तर तेच निघालं असतं का? ही शंका रास्त आहे, ती धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. राजकीय मत, अधिकाराकडे बघण्याची दृष्टी आणि इतर माणसांबद्दलची भावना या तिन्ही बाबतींत आपल्या पक्षाच्या विचाराशी सुसंगत अशी उत्तरं देणारे लोक डाव्या पक्षांच्या समर्थकांत जेमतेम १५ टक्के निघाले. एक लहान गट सरळसरळ हुकूमशाही वृत्तीचा होता. बाकी मोठा घोळका मधला, राजकारणावरच्या प्रश्नांना पक्षाची ठरलेली उत्तरं देणारा आणि मुलांना मार द्यायचा प्रश्न आला की वेगळंच बोलणारा. जुलै १९३२ मध्ये नाझींची मतं ३७ टक्क्यांवर गेली आणि पुढच्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला. डाव्यांची मतं एका रात्रीत नाझींकडे गेली असं नाही, ती बऱ्याच अंशी शाबूत होती. त्या मतांमागे उभं राहण्याची ताकद फारशी नव्हती, हे फ्रॉमच्या फॉर्ममध्ये आधीच लिहिलेलं होतं.

मग हा अभ्यास तेव्हाच का गाजला नाही? कारण तो छापलाच गेला नाही. मार्च १९३३ मध्ये पोलिसांनी संस्थेला टाळं लावलं. संस्थेचा पैसा आधीच देशाबाहेर हलवलेला होता, माणसंही जिनिव्हामार्गे १९३४ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या आसऱ्याला पोचली. सगळे फॉर्म मात्र पोचले नाहीत. अकराशेपैकी ५८४ उरले. त्यातच फ्रॉमचं आणि संस्थेचा संचालक माक्स होर्कहायमर याचं बिनसलं, १९३९ मध्ये फ्रॉम बाहेर पडला. सर्वेक्षणाचा अहवाल पुस्तकरूपाने जर्मनीत आला तो १९८० साली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रॉमचं निधन झालं. पन्नास वर्षं! आपला प्रबंध कपाटात पडून राहिला म्हणून हळहळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

इथे 'चिकित्सक सिद्धांत' म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, नाहीतर पुढचा भाग अधांतरी राहील. होर्कहायमरने १९३७ च्या एका निबंधात फरक मांडला. नेहमीचं विज्ञान समोर दिसणाऱ्या गोष्टीला 'तथ्य' म्हणून स्वीकारतं आणि तिची मांडामांड करतं. चिकित्सक सिद्धांत विचारतो की हे तथ्य घडलं कसं, कुठल्या समाजाने घडवलं, आणि ते बघणारा मी कुठे उभा आहे. उदाहरणार्थ, 'अमुक टक्के लोकांना कणखर नेता हवा आहे' हे तथ्य झालं. पण 'कणखर नेता हवा' असं वाटायला लावणारी नोकरी, घर, शाळा, रेडिओ यांचं काय? लोकांचं मत ही निसर्गात सापडणारी वस्तू नव्हे, ती तयार होते. आता ही भूमिका घेतलेल्या माणसाने प्रश्नावली वापरायची तर पंचाईतच. प्रश्नावली तर मत ही तयार वस्तू आहे असंच धरून चालते. ही ओढाताण पुढच्या सगळ्या कामात दिसते.

अमेरिकेत आल्यावर या मंडळींना वाटलं होतं की आपण धोका मागे सोडून आलो. पण इथेही रेडिओ होता. डेट्रॉइटजवळून बोलणारा फादर चार्ल्स कॉफलिन तिशीच्या दशकात लाखो लोक ऐकत होते आणि दशकाच्या अखेरीस त्याची भाषणं उघड ज्यूद्वेषाकडे वळली होती. त्याच्यापेक्षा लहान असे कितीतरी होते. कॅलिफोर्नियात मार्टिन ल्यूथर थॉमस नावाचा एक रेडिओ-प्रवचनकार होता (धर्मसुधारक ल्यूथर वेगळा आणि किंगही वेगळे, नावावरून गोंधळू नका). थिओडोर अडोर्नोने त्याच्या भाषणांची बारकाईने चिरफाड केली. त्याच धर्तीवर लिओ लोवेन्थाल आणि नॉर्बर्ट गुटरमन यांनी अशा अनेक अमेरिकन चिथावणीखोरांची भाषणं आणि पत्रकं गोळा करून १९४९ मध्ये 'प्रॉफेट्स ऑफ डिसीट' हे पुस्तक काढलं.

माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत टिकाऊ काम हेच आहे, आणि सर्वांत कमी वाचलं जातं तेही हेच. प्रचार म्हणजे खोटी माहिती अशी आपली ढोबळ समजूत असते. खरी माहिती दिली की प्रचार संपला! लोवेन्थाल-गुटरमन वेगळं सांगतात. चिथावणीखोर ज्या असंतोषावर बोट ठेवतो तो असंतोष खरा असतो. लोकांना खरंच फसवल्यासारखं वाटत असतं, एकटं वाटत असतं, उद्याची खरंच भीती असते. सुधारक किंवा क्रांतिकारक याच असंतोषाला हात घालतो, पण तो कारण दाखवतो, मजुरी, कायदा, मालकी असं काहीतरी, आणि ते बदलायचा मार्ग सांगतो. चिथावणीखोर कारणापर्यंत जाऊच देत नाही. तो भावना तशीच धुमसत ठेवतो आणि तिला एक चेहरा देतो, परक्याचा, उपऱ्याचा, कारस्थान करणाऱ्याचा. मनोविश्लेषक पेशंटच्या मनातलं दडलेलं त्याला स्वतःला दिसेल असं करतो. हा माणूस नेमकं उलटं करतो, दडलेलं आणखी खोल दडपून त्याच्यावर स्वार होतो.

अशा भाषणांचे ठरावीक विषय त्यांनी काढले, एकवीस. एकवीसच! निरनिराळे वक्ते, वेगवेगळी गावं, पण तेच ते. आम्हाला लुटलं जातंय, सगळीकडे कट आहे, परके घुसलेत, शत्रू एकाच वेळी सर्वशक्तिमानही आहे आणि किड्यामुंगीसारखा क्षुद्रही आहे. आणि मी कोण? मी तुमच्यासारखाच एक साधा माणूस, माझ्यावरही हल्ले होताहेत, मलाही पैशाची चणचण आहे, पण मी मागे हटणार नाही. अडोर्नोने १९५१ च्या निबंधात फ्रॉइडच्या समूह-मानसशास्त्राच्या आधारे या शेवटच्या मुद्द्याचा उलगडा केला. नेता अनुयायांपेक्षा फार मोठाही दिसावा लागतो आणि अगदी त्यांच्यातलाही. मोठा, म्हणजे त्याच्यात आपल्याला आपलंच भव्य रूप दिसतं. आपल्यातला, म्हणजे त्यासाठी आपल्याला बदलायची गरज पडत नाही. अशा भाषणात धोरण किंवा कार्यक्रम जवळपास नसतोच आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही, कारण लोक कार्यक्रम ऐकायला आलेले नसतात.

आता संशोधक म्हणून प्रश्न विचारा. या कामात नमुना कशाचा आहे? भाषणांचा. ऐकणाऱ्यांचा एकही नाही. भाषण वाचून ते ऐकणाऱ्याच्या मनात काय होत असेल याचा अंदाज बांधला आहे. अंदाज कितीही चतुर असला तरी श्रोत्याला कुणी विचारलं नाही. समोरच्या खुर्च्यांवर कोण बसलं आहे?

हा प्रश्न बर्कलीच्या गटाने घेतला. अमेरिकन ज्यूइश कमिटीच्या पाठबळावर पूर्वग्रहांवरच्या पाच पुस्तकांची मालिका निघाली, 'प्रॉफेट्स ऑफ डिसीट' त्यातलंच, आणि त्यातलं सगळ्यांत गाजलेलं म्हणजे १९५० चं 'द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी'. जवळजवळ हजार पानांचं. लेखक चार: अडोर्नो, एल्झे फ्रेंकेल-ब्रुन्स्विक, डॅनियल लेव्हिन्सन आणि नेव्हिट सॅनफर्ड. आपण संदर्भात 'अडोर्नो आणि इतर' असं लिहितो आणि पुस्तक अडोर्नोचं होऊन बसतं. प्रत्यक्षात ही नावं वर्णानुक्रमाने आहेत. ज्यूद्वेष मोजण्याचं काम बर्कलीत सॅनफर्ड आणि लेव्हिन्सन यांनी आधी सुरू केलं होतं, आणि मुलाखतींचा प्रचंड डोलारा पेलला तो व्हिएन्नाहून १९३८ मध्ये निसटलेल्या फ्रेंकेल-ब्रुन्स्विकने. आडनाव 'अ'वरून सुरू होण्याचे असे फायदे असतात.

त्यांची युक्ती अशी. 'तुम्हाला ज्यूंचा राग येतो का', 'तुम्हाला हुकूमशहा आवडेल का' असं विचारलं तर युद्ध जिंकलेल्या अमेरिकेत कोण हो म्हणणार? म्हणून कुठल्याही अल्पसंख्याक गटाचं किंवा पक्षाचं नाव न घेता वृत्ती मोजणारी श्रेणी करायची. हीच ती एफ-स्केल, एफ म्हणजे फॅसिझम. विधानांचा कच्चा माल कुठून आला? आधीच्या मुलाखतींतून, मनोविश्लेषणाच्या सिद्धांतातून, आणि त्या चिथावणीखोरांच्या भाषणांतून. भाषणात जे भावना भडकवायला वापरलं जातं ते सौम्य करून, चार शहाण्या माणसांच्या तोंडी शोभेल असं लिहायचं: आज्ञापालन हा मुलांचा पहिला गुण असावा, माणसांचे दोनच प्रकार असतात, दुबळे आणि बलवान, अशा वळणाची वाक्यं. रूढीप्रियता, अधिकारापुढे शरणागती, रूढी मोडणाऱ्यांवरचा राग, अंधश्रद्धा, ताकदीचं आकर्षण असे एकूण नऊ पैलू धरले होते.

उत्तराचे पर्याय सहा, अधिक तीनपासून उणे तीनपर्यंत, मध्ये शून्य नाही. म्हणजे 'सांगता येत नाही' म्हणून सुटका नाही. गुण मोजताना मात्र हे १ ते ७ मध्ये बदलायचे आणि कुणी विधान कोरं सोडलं तर त्याला मधला ४ द्यायचा. दोन हजारांहून थोडे जास्त लोक: विद्यार्थी, रोटरीसारख्या क्लबांचे सदस्य, व्यापारी जहाजांवरचे अधिकारी, मनोरुग्णालयातले रुग्ण, सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी. बहुतेक सगळे कॅलिफोर्निया आणि आसपासचे, हाताशी जे सापडले ते. एफ-स्केलवर ज्यांचे गुण जास्त त्यांचे पूर्वग्रहाच्या श्रेणीवरचे गुणही जास्त निघाले, सहसंबंध ०.७ च्या पुढे. मानसशास्त्रात एवढा आकडा आला की लोक पेढे वाटतात. आणि वृत्तीचं मूळ कडक शिस्तीच्या बालपणात आहे हे दाखवायला टोकाचे गुण मिळवणाऱ्या ८० जणांच्या दीर्घ मुलाखती.

टीका सुरू व्हायला फार वेळ लागला नाही. १९५४ मध्ये या एकाच पुस्तकाच्या चिरफाडीला वाहिलेलं आणखी एक पुस्तक आलं. त्यात एडवर्ड शिल्सने विचारलं की हुकूमशाही वृत्ती फक्त उजवीकडेच शोधली, डावीकडची कुठे आहे? हर्बर्ट हायमन आणि पॉल शीट्स्ली यांचं प्रकरण तर संशोधन पद्धतीच्या वर्गात सक्तीने वाचायला लावावं असं आहे. मुलाखत घेणाऱ्यांनी मुलाखतीला जाण्याआधी त्या माणसाची भरलेली प्रश्नावली अभ्यासलेली होती, म्हणजे समोरचा 'जास्त'वाला की 'कमी'वाला हे ठाऊक असताना प्रश्न विचारले गेले. टायट्रेशनला उत्तर आधी माहीत असलं की रंग नेमका त्या रीडिंगला बदललेला दिसतो, त्यातलाच प्रकार. शिवाय शिक्षण. कमी शिकलेल्यांचे गुण दोन्ही श्रेणींवर जास्त येत होते. मग दोन गोष्टींचा सहसंबंध हा व्यक्तिमत्त्वामुळे की दोन्हींमागे उभ्या असलेल्या शिक्षणामुळे? शिकलेला माणूस कदाचित तेवढाच पूर्वग्रही असेल, पण अशी भडक विधानं छापील कागदावर दिसली की 'नाही' म्हणायचं असतं हे त्याला कळत असेल.

आणि मग ती प्रसिद्ध चूक. एफ-स्केलवरची सगळी विधानं एकाच दिशेने लिहिलेली होती. सहमत म्हणा, गुण वाढले. पूर्वग्रहाच्या श्रेणीचंही तेच. हे निष्काळजीपणाने झालं नव्हतं. दोन्ही दिशांची विधानं मिसळावीत हे लायकर्टने १९३२ मध्येच सुचवलेलं होतं आणि या चौघांना ते माहीत होतं. पण पूर्वग्रहाच्या बाजूने लिहिलेली विधानं माणसांमधला फरक जास्त चांगला दाखवतात असं त्यांचं मत पडलं. पन्नाशीच्या दशकात एकामागून एक शोधनिबंध आले की काही माणसांना विधान काहीही असो, 'हो' म्हणायची सवय असते. अशा माणसाचे गुण दोन्ही श्रेणींवर वाढणार आणि सहसंबंध आपोआप चढणार. एकाच उघड्या खिडकीशी दोन थर्मामीटर टांगा. दोघांची रीडिंग एकमेकांशी छान जुळतील, पण ती खोलीबद्दल नसून खिडकीबद्दल असतील.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते. तात्पर्य: उलटी विधानं टाका. पण माझ्या दृष्टीने खरी मजा इथून पुढे आहे.

विचार करा. समोर विद्यापीठाचा शिक्का असलेला कागद आहे. त्यावर ठासून लिहिलेली वाक्यं आहेत. माणूस एकामागून एक 'सहमत, सहमत' करत जातो. हा मोजमापातला दोष आहे की जे मोजायचं होतं तेच हे आहे? अधिकाराने काही म्हटलं की री ओढणारा तो होयबा, त्यालाच शोधायला तर निघालो होतो! त्या काळातही काही मानसशास्त्रज्ञांनी हा बचाव केला: 'हो' म्हणण्याची सवय हा हुकूमशाही वृत्तीचाच भाग आहे, तिला कचरा म्हणून फेकू नका.

मग तपासायचं कसं? उलटी विधानं लिहून. आणि इथे कळतं की उलटं विधान लिहिणं हे 'नाही' घुसवण्याइतकं सोपं नाही. माझं उदाहरण घ्या. 'मुलांनी मोठ्यांचं ऐकायला शिकलं पाहिजे.' याचं उलट काय? 'मुलांनी मोठ्यांचं ऐकायला शिकू नये'? याला कुणीच हो म्हणणार नाही, अगदी मुक्त विचारांचे पालकसुद्धा. बरं, 'मुलांनी मोठ्यांना प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे'? याला बहुतेक सगळे हो म्हणतील आणि पहिल्यालाही हो म्हणतील, आणि दोन्ही वेळा मनापासून. आपल्याकडच्या कुठल्याही घरात विचारून बघा. तो माणूस होयबा नाही, त्याला खरंच दोन्ही हवं आहे. भाषेत विरुद्धार्थी असलेली वाक्यं मनात विरुद्ध असतीलच असं नाही. १९५८ मध्ये रिचर्ड क्रिस्टी आणि सहकाऱ्यांनी नीट उलटी विधानं बनवायचा प्रयत्न केला तेव्हा यातलीच अडचण समोर आली. पुढे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या बॉब आल्टेमायरने वर्षानुवर्षं विधानं घासूनपुसून दोन्ही दिशांची समतोल श्रेणी तयार केली आणि १९८१ मध्ये मांडली. मूळच्या नऊ पैलूंपैकी त्याच्या हाती तीनच एकत्र टिकले: अधिकारापुढे शरणागती, अधिकाराच्या आशीर्वादाने केलेली आक्रमकता आणि रूढीप्रियता. आज जे संशोधक हा विषय करतात ते बहुतेक याच वाटेने जातात.

अडोर्नोला स्वतःला या आकड्यांच्या भांडणात फारसा रस नव्हता. १९५१ च्या त्याच निबंधात त्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे जी त्याचे टीकाकार आणि चाहते दोघेही विसरतात: लोकांच्या मनोवृत्तीमुळे फॅसिझम येतो असं त्याचं म्हणणं नाही. फॅसिझम आणणाऱ्यांची कारणं आर्थिक आणि राजकीय असतात. मनोवृत्ती हे ते शेत, ज्यात पेरणी करणारे दुसरेच कुणीतरी असतात. म्हणून 'किती टक्के लोक फॅसिस्ट वृत्तीचे' हा आकडा कितीही अचूक मिळाला तरी उद्या काय होणार ते कळत नाही. आपल्या हजार पानांच्या पुस्तकाचा असा अर्थ लावणं भल्याभल्यांना जमलं नसतं.

आता मागे वळून बघितलं तर 'प्रॉफेट्स ऑफ डिसीट'मध्ये भाषण होतं, श्रोता नव्हता. एफ-स्केलमध्ये श्रोता होता, पण एकटा, पेन्सिल घेऊन, भाषणाशिवाय. १९५० च्या सुमारास ही मंडळी फ्रँकफर्टला परतली आणि तिथे त्यांनी दोन्ही एका खोलीत आणलं. या प्रयोगाचा अहवाल १९५५ मध्ये फ्रीड्रिश पोलॉकच्या संपादनाखाली आला, पण एफ-स्केलच्या सावलीत तो कायम झाकलेला राहिला.

प्रयोग असा होता. दोस्त राष्ट्रांच्या फौजेतला एक सार्जंट जर्मनीत काही वर्षं राहून मायदेशी पत्र लिहितो. पत्र बनावट, संशोधकांनीच लिहिलेलं. त्यात जर्मन माणसाच्या कष्टाळूपणाचं कौतुक आहे, आणि मग हळूच, हे लोक स्वतःच्या हालांबद्दल खूप बोलतात, ज्यूंचं काय केलं त्याबद्दल मात्र आपली काही जबाबदारी आहे असं त्यांना वाटत नाही, असं म्हटलं आहे. हे पत्र ध्वनिमुद्रित करून लहान लहान गटांना ऐकवायचं आणि मग त्यांना आपापसात बोलू द्यायचं. खरी नावं नाहीत, प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. सहमत-असहमत नाही. सुमारे १,८०० लोक अशा चर्चांना बसले. अडोर्नोने त्यातल्या अपराध आणि बचाव या भागाचं विश्लेषण लिहिलं. लोक काय म्हणाले? आम्हाला माहीतच नव्हतं. आमच्या शहरांवर बॉम्ब टाकणारे कोण होते? अमेरिकेत काळ्या लोकांशी कसं वागतात ते आधी बघा. एकाने सुरुवात केली की दुसरा तेच वाक्य थोडं पुढे नेतो, तिसरा त्याला धार लावतो. मत तयार होताना टेपवर सापडलं होतं.

१९५७ मध्ये पीटर हॉफस्टेटर या मानसशास्त्रज्ञाने हल्ला चढवला. एवढी चिथावणी देणारं पत्र ऐकवल्यावर लोक बचावात जाणारच, हे संशोधन नसून आरोपपत्र आहे, आणि आकडे मोजले तर दिसतो तेवढा प्रकार गंभीर नाही, असं त्याचं म्हणणं. अडोर्नोने उत्तर दिलं, तेही तेवढ्याच तिखटपणे. दोघांची बाजू वाचून मला हॉफस्टेटरचा पहिला मुद्दा अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण चिथावणी दिली की काय बाहेर येतं हेच बघायचं असेल तर चिथावणी द्यावीच लागणार, ती काढून टाकली की प्रयोगच उरत नाही.

या चर्चांच्या लिखित नोंदी हजारो पानांच्या झाल्या आणि विश्लेषणाला बसल्यावर एक नवीच अडचण आली. कुठल्याही एका विषयावर बघितलं तर गटातले बरेच लोक त्यावर बोललेलेच नव्हते. बर्कलीत कुणी विधान कोरं सोडलं तर त्याला ४ देऊन बेरीज पुढे नेता येत होती. इथे गप्प बसलेल्या माणसाला किती द्यायचे?